घरातले १,३८० फोटो: कामाच्या नोंदी

आईबाबांच्या घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करायचे, नावं आणि तारखा लावायच्या आणि नीट ठेवायचे, असं काम जानेवारीत हाती घेतलं. ज्यांच्या माळ्यावर अशीच खोकी पडून आहेत, त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. चुका जशा झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

६ जानेवारी, शनिवार

आज फक्त मोजदाद. सहा अल्बममध्ये ७४२ फोटो, दोन खोक्यांत आणि पाकिटांत सुटे ६३८. एकूण १,३८०. निगेटिव्हचा एक डबा वेगळा, तो अजून उघडला नाही.

मोजायला दोन तास धरले होते, सहा लागले. बाबा शेजारी येऊन बसले आणि प्रत्येक फोटो हातात घेऊन बघू लागले. मध्ये एकदा घड्याळ लावून पाहिलं: तासाला अकरा फोटो. या गतीने नुसती मोजणीच सव्वाशे तासांची झाली असती. शेवटी आईने त्यांना एक अल्बम देऊन दुसऱ्या खोलीत बसवलं, तेव्हा काम पुढे सरकलं.

७ जानेवारी, रविवार

स्कॅनर उसना मिळालाय, झाकण उघडून काचेवर फोटो पालथा ठेवायचा तसला. मी थेट १२०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके) सुरुवात केली. एकदाच करायचं तर उत्तम करू, हा विचार. एका फोटोला जवळजवळ तीन मिनिटं. पाच तासांत ६१ फोटो, आणि १० × १५ सेंमीच्या एकेका फोटोची फाइल शंभर एमबीच्या वर.

संध्याकाळी तोच फोटो ६०० वर स्कॅन करून दोन्ही शेजारी ठेवले आणि मोठे करून पाहिले. १२०० मध्ये माणसं जास्त स्पष्ट झाली नव्हती, कागदाचा पोत तेवढा जास्त स्पष्ट झाला होता. छापील फोटोत मुळात जेवढं असतं त्याहून जास्त स्कॅनर काढू शकत नाही. ६०० वर त्याच फोटोचे जवळजवळ २,४०० × ३,६०० पिक्सेल मिळतात आणि फाइल साधारण २६ एमबीची होते. त्यावरून दुप्पट मोठी प्रत सहज छापता येते. अख्खा रविवार गेला, पण हे कळलं.

१३ जानेवारी, शनिवार

६०० डीपीआय, टिफ फाइल, म्हणजे चित्राची गुणवत्ता न घटवता ठेवणारी. जेपेग फक्त पाठवण्यासाठी, कारण ती उघडून बदलून पुन्हा जतन केली की दर वेळी थोडी खराब होते.

काचेवर एका वेळी किती फोटो बसतात याचा हिशोब: ९ × १३ चे चार आरामात बसतात. १० × १५ चे चार बसतील असं वाटतं, पण ३० सेंमी लांबी लागते आणि ए-फोर काच २९.७ ची असते. तीन मिलिमीटरसाठी प्रत्येक वेळी कोणाचे तरी पाय कापले जात होते. म्हणून तीनच: दोन उभे, एक खाली आडवा.

पांढऱ्या किनारीच्या फोटोंवर प्रोग्राम गोंधळतो. झाकणाची आतली बाजूही पांढरी, त्यामुळे फोटो कुठे संपतो हे त्याला कळत नाही. वर काळा कागद ठेवला आणि प्रश्न मिटला. मागचं लिखाण पुढे उमटून दिसायचं, तेही थांबलं.

काच पुसताना फवारा कापडावर मारायचा, काचेवर नाही. आत गेलेला थेंब बाहेर काढता येत नाही.

१४ जानेवारी, रविवार

चिकट पानांचा अल्बम. वर पारदर्शक कागद, खाली डिंकाच्या रेघा, पानं पिवळी पडलेली. पहिला फोटो नखाने उचलला आणि कोपऱ्यातून वाकला. आईचा शाळेतला फोटो होता. आई म्हणाली, "राहू दे गं, माझ्या शाळेतही तो कोपरा असाच होता." पण मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर दातांत घालायचा दोरा वापरला. फोटोच्या मागे सरकवायचा, दोन्ही टोकं धरून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. एका फोटोला दोन-तीन मिनिटं लागतात. १४० निघाले, ४ निघाले नाहीत. ते चार पानासकट स्कॅन केले.

भिंतीवरच्या फ्रेममधला एक फोटो काचेलाच चिकटला होता. तो ओढायचा नाही! फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, तो काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन केला, बरा आला.

२० जानेवारी, शनिवार

क्रमांक देण्याचं काम, आणि त्यात झालेली चूक. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने क्रमांक लिहिले. तीन फोटोंवर पुढच्या बाजूला आकड्यांचा उठाव दिसायला लागला. एकात तर काकाच्या कपाळावर उलटे ३७. पेन्सिल घेतली, तर नव्या फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर ती उमटेना. शेवटी कागदी पाकिटं केली, आधी पाकिटावर क्रमांक लिहायचा, मग फोटो आत घालायचा.

प्लास्टिकची कव्हरं आणली होती, ती उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला. पीव्हीसी. असं प्लास्टिक काळाने फोटोला चिकटतं आणि खराब करतं. परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही, तो खर्च बुडाला. प्लास्टिकच घ्यायचं तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर असं लिहिलेलं बघून घ्या.

२१ जानेवारी, रविवार

साफसफाई. वाकडे फोटो सरळ केले, कडा छाटल्या. काळ्या-पांढऱ्या गठ्ठ्यात २३ फोटो असे निघाले की उजव्या कोपऱ्यात एक धूसर गोळा. कॅमेऱ्यापुढे बोट आलेलं. सगळे नीट छाटून घेतले आणि त्याच नावाने जतन केले. तेव्हा फार समाधान वाटलं होतं. या नोंदीकडे पुढे परत यावं लागलं.

२७ जानेवारी, शनिवार

आजपासून नावं लावणं. म्हणजे खरं काम आजपासून.

फोटोंच्या मागे जे लिहिलंय ते असं: "आम्ही सगळे." "मोठी वहिनी व मंडळी." "बाळ, ४ महिने." लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं, म्हणून त्याने तेवढंच लिहिलं. आमच्या घरात प्रत्येक पिढीत तीन-चार बाळं झाली, आणि मोठी वहिनी कोणाची, हे लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखल्याशिवाय कळत नाही. "बाळ" असं लिहिलेले एकूण २९ फोटो आहेत.

बाबांना बोलतं केलं आणि फोनवर रेकॉर्डिंग लावलं. एक तास वीस मिनिटं बाबा बोलले, आई मधूनमधून दुरुस्त्या करत होती. फार सुंदर बोलले. रात्री ऐकायला बसले तर लक्षात आलं की कोणत्या फोटोबद्दल चाललंय हे कुठेच नाही. "हा बघ, हा तोच, आणि मागे ती." सगळं रेकॉर्डिंग असंच.

२८ जानेवारी, रविवार

पुन्हा बसलो. नियम: आधी पाकिटाचा क्रमांक मोठ्याने वाचायचा, मग डावीकडून उजवीकडे नावं, मग हवं तेवढं बोलायचं. क्रमांक वाचायचं काम माझ्या मुलीने घेतलं. ती नऊ वर्षांची आहे आणि या कामात अतिशय कडक आहे. आजोबा मध्येच पुढच्या फोटोकडे वळले की, "आजोबा, अजून ४१२ चालू आहे."

कालच्याच गोष्टी बाबांनी आज थोड्या वेगळ्या सांगितल्या. काल नदीत पडला तो काका होता, आज तो शेजारचा मुलगा होता. मी दोन्ही ठेवल्या.

मुलीने विचारलं, सगळे असे ताठ का उभे आहेत? बाबांनी सांगितलं की एका रोलमध्ये छत्तीस फोटो आणि तो रोल वर्षभर पुरवायचा. तिने काल दिवसभरात मांजराचे चाळीस काढले होते. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मांजराला एकसुद्धा मिळाला नसता."

३ फेब्रुवारी, शनिवार

बदकांच्या स्वेटरचा दिवस.

एका गठ्ठ्यात वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे अकरा फोटो आहेत, अंगात हाताने विणलेला स्वेटर, छातीवर दोन बदकं. बाबा म्हणाले, हा मी. आई म्हणाली, छे, हे काका. फोनवर काकाला विचारलं, तो म्हणाला मीच, मला ती बदकं आठवतात. बाबा म्हणाले, वर्षाच्या मुलाला काय आठवतं, मला आठवतात! आवाज चढले. मग कान बघू लागलो, कारण कानाची ठेवण फारशी बदलत नाही म्हणे. भिंग आणून बाबांचा कान, मग फोटोतला कान, मग व्हिडिओ कॉलवर काकाचा कान. काकाने अर्धा तास फोनला कान लावूनच धरला होता, म्हणजे कॅमेऱ्याला. काही निष्पन्न झालं नाही. दोघा भावांचे कान सारखेच आहेत.

अकराही फोटो "बाळ, अनिश्चित" मध्ये टाकले.

४ फेब्रुवारी, रविवार

तारखांचा गोंधळ. फाइलच्या नावात मी दिवस-महिना-वर्ष असं लिहीत आले होते, त्यामुळे सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र आल्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की क्रम आपोआप लागतो. महिना माहीत नसेल तिथे शून्यं: १९७८-००-००. तीनशे नावं बदलली, एक संध्याकाळ गेली.

दुसरी गोष्ट: स्कॅन केलेल्या फाइलमध्ये "काढल्याची तारीख" ही स्कॅनची तारीख पडते. फोनच्या गॅलरीत पणजोबा आणि मांजर एकाच दिवशी आले. ती तारीख आत जाऊन बदलावी लागते. आणि मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवलं तर चित्र दाबलं जातं आणि आतली माहितीही गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर टिकते.

फोटोवरच नारिंगी आकड्यांत छापलेल्या तारखेवरही विसंबू नका. सेल बदलल्यावर कॅमेऱ्यातली तारीख लावायची राहून गेली असेल तर ती चुकीचीच छापली जाते. एका फोटोवर माझ्या भावाच्या जन्माच्या चार वर्षं आधीची तारीख आहे, आणि भाऊ त्यात सायकल चालवतोय.

१० फेब्रुवारी, शनिवार

भाऊ आला आणि त्याने मोजणी केली. माझ्या पहिल्या वर्षाचे फोटो २१४. त्याच्या पहिल्या वर्षाचे ३७. त्यांतल्या नऊमध्ये मी त्याच्या पुढे उभी आहे. तो हसत होता, पण दोनदा मोजलं होतं त्याने. आईचा चेहरा उतरला. "तू झालास तेव्हा हात कुठे रिकामा होता रे," एवढंच म्हणाली. मग तिला आठवलं की तेव्हा पैसे जपून वापरत होते, रोल धुऊन घ्यायचे आणि निवडक फोटोच छापायचे. बाकीचे निगेटिव्हमध्ये असतील.

आज रात्रीच डबा उघडला.

११ फेब्रुवारी, रविवार

निगेटिव्हला खालून उजेड लागतो, आमच्या स्कॅनरच्या झाकणात तो नाही. शिवाय निगेटिव्हचं चित्र जेमतेम २४ × ३६ मिलिमीटर, ६०० डीपीआयवर हाती काहीच लागत नाही.

म्हणून असं केलं: एका फोनवर पूर्ण पांढरा स्क्रीन, उजेड कमाल. त्यावर निगेटिव्ह ठेवून दुसऱ्या फोनने फोटो. पहिल्या प्रयत्नात आईच्या चेहऱ्यावर बारीक जाळी आली, ते स्क्रीनचे ठिपके होते. मग दोन सारख्या डब्यांवर फ्रेमची काच ठेवून निगेटिव्ह तीन सेंमी उंच उचलली, जाळी गेली. खोलीतले दिवे बंद. मग ॲपमध्ये रंग उलटे केले. रंगीत निगेटिव्हचा मूळ रंग नारिंगी असतो, तो उलटला की सगळे निळे पडतात. चित्राबाहेरची कोरी पट्टी पांढऱ्यासाठी प्रमाण धरली तेव्हा रंग ताळ्यावर आले.

चाळीस झाल्यावर बाबा म्हणाले, "मी घड्याळ उजव्या हातात कधी घातलं?" पट्टी उलटी ठेवली गेली होती. चकचकीत बाजू आपल्याकडे हवी, कडेचे आकडे सरळ वाचता आले पाहिजेत. चाळीसही आरशातून फिरवून घेतले.

भावाचे न छापलेले १९ निघाले. एकात आईने त्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललंय आणि तिचे केस तोंडावर आलेत. तो बराच वेळ फोन घेऊन बसला होता. ३७ अधिक १९, छप्पन्न, हे त्याने स्वतःच सांगितलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आत्या चार दिवस राहायला आली. आत्या सगळ्यांत मोठी, अठ्ठ्याहत्तरची. तिला पहिल्याच आठवड्यात बोलवायला हवं होतं. मी मशीनपासून सुरुवात केली, माणसापासून नाही, ही या कामातली सगळ्यांत महाग चूक. इतके आठवडे ज्यावर डोकं फोडलं ते तिने बसल्या बसल्या सोडवलं.

स्वेटर आधी. तिने अकरा फोटो हातात घेतले, भिंग मागितलं आणि म्हणाली, "कोपर दाखव." चार फोटोंत उजव्या कोपराला ठिगळ होतं, सातांत नव्हतं. स्वेटर मुळात तिचा. तिच्यानंतर तो बाबांना आला, बाबांनी कोपर फाडलं, ठिगळ लागलं, मग तो काकाला गेला. ठिगळ असलेले चार काकाचे. उरलेल्या सातांत तीन बाबांचे, आणि चार तिचे स्वतःचे.

"मग आम्ही उगीच भांडलो," बाबा म्हणाले.

"अरे, ठिगळ दोन रंगांचं होतं, हिरवा दोरा संपला म्हणून. काळ्या-पांढऱ्यातसुद्धा दिसतंय बघ, अर्धं गडद अर्धं फिकट." भिंगातून खरंच दिसत होतं. मी तो कोपर त्याआधी पन्नास वेळा पाहिला असेल.

२९ पैकी २५ बाळांना आज नावं मिळाली.

एका फोटोवरून मात्र ती अडून बसली. सतरा-अठराची असताना तिने स्वतःच्या हाताने कपाळावरचे केस कापले होते, ते एका बाजूला दोन बोटं आखूड झाले. "हा काढून टाक." मी टाकला नाही, पण वेगळा फोल्डर केला, नाव दिलं "आत्याला विचारल्याशिवाय नाही". आता आई आणि काकूही आपापले फोटो त्यात घालायला सांगतायत. घालतेय. फोटो ज्याचा, शब्द त्याचा.

१८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आत्या लॅपटॉपवर काळे-पांढरे फोटो बघत होती. अचानक म्हणाली, "यातलं बोट कुठे गेलं?"

मी सांगितलं, छाटलं.

"अगं, ते आईचं बोट."

फोटो काढायचे आजोबाच. त्यामुळे आजोबा फोटोंत जवळजवळ नाहीतच. १,३८० मध्ये ३१. त्यांतले आठ लग्नकार्यात दुसऱ्यांनी काढलेले. बाकी २३ वेळा आजोबांनी कॅमेरा आजीच्या हातात दिला आणि स्वतः पुढे जाऊन उभे राहिले. कॅमेरा जड होता आणि तो पडेल ही आजीला धास्ती. म्हणून ती तो संपूर्ण मुठीत धरायची. आत्याने स्टेपलर घेऊन धरून दाखवलं: पंजा खालून, अंगठा मागे, पहिलं बोट पुढून वळून थेट भिंगावर. बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं असलेला तो कॅमेरा, त्यामुळे तिला बोट दिसायचंच नाही. आजोबा समोरून म्हणायचे, बोट काढ. ती म्हणायची, काढलंय.

ज्या २३ फोटोंत बोट आहे, त्याच २३ फोटोंत आजोबा आहेत. मी नावांची यादी लावून पडताळून पाहिलं, एकही चुकत नाही. आणि आजीने आयुष्यात काढलेले फोटो एवढेच.

मी मूळ फाइलींवरच जतन केलं होतं. कागदी फोटो जागेवर होते म्हणून वाचले. यापुढे मूळ टिफला हात लावायचा नाही, जे काही करायचं ते प्रतीवर. हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

२३ पाकिटं शोधायला दोन तास, पुन्हा स्कॅन करायला चाळीस मिनिटं. कडांना धक्का न लावता, पांढऱ्या किनारीसकट. माहितीत "छायाचित्रकार" नावाचा एक रकाना असतो, तो मी आतापर्यंत रिकामाच सोडत होते. २३ ठिकाणी आजीचं नाव लिहिलं, बाकी काळ्या-पांढऱ्यांत जिथे आत्याची खात्री आहे तिथे आजोबांचं.

बोटात एकदा पट्टी दिसते. आत्याला आठवेना कशाची.

२ मार्च, शनिवार

प्रती: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक भावाच्या घरी. डिस्कवरची प्रत उघडून बघितली तेव्हा शेवटचं फोल्डर अर्धवट आलेलं सापडलं. केबल मध्येच सुटली होती. प्रत केली की ती उघडून बघा, नुसती केली म्हणजे झालं नाही.

आत्तापर्यंतचा वेळ: स्कॅनिंग ३४ तास, नावं-तारखा ५१ तास, चुका निस्तरणं १९ तास. नावांच्या तासांत बाबांच्या गोष्टी धरल्या आहेत.

९ मार्च, शनिवार

बाकी: चार अनोळखी बाळं, निगेटिव्हच्या सहा पट्ट्या, काकूच्या माहेरचा एक अल्बम जो ती म्हणते "बघू".

बाबांना २३ पैकी एक फोटो मोठा करून भिंतीवर हवा आहे. आजोबा पायरीवर बसलेत, स्वेटर काकाच्या अंगात, कोपराला ठिगळ, आणि उजव्या कोपऱ्यात बोट. दुसरी प्रत काकाला, तिसरी आत्याला. छापायला दिली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवून आपणहून विचारलं, "हे कोपऱ्यातलं काढून देऊ का?" पावतीवर लिहून घेतलं आहे: छाटू नये.